क्लबाचं वर्ष संपलं. आता नवे प्रकल्प की जुन्यांची डागडुजी?

घाटमाथा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा सेवा क्लब आहे. रोटरी की लायन्स ते सांगत नाही. दोघांचंही वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं, तेव्हा ओळखायचं त्यांनी ओळखा. सभासद चाळिसेक. डॉक्टर, दुकानदार, एक वकील, निवृत्त बँकवाले आणि माझ्यासारख्या काही बायका. यंदाची खजिनदार मी आहे, म्हणजे कुणालाच नको असलेलं पद माझ्या गळ्यात पडलंय.

सरत्या वर्षात पैसे आले ते असे: गणपतीनंतर नाटकाचा प्रयोग लावला. दिवाळीआधी ग्राहकपेठ भरवली, तिच्या गाळ्यांच्या भाड्यातून सगळ्यात जास्त रक्कम सुटली. स्मरणिकेच्या जाहिराती (स्मरणिका उघडून वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय). शिवाय रद्दी संकलन. आणि गेले ते असे: मोतीबिंदू शिबिर, दोन रक्तदान शिबिरं, वनराई बंधारे, लांबून शाळेत येणाऱ्या मुलींना सायकली आणि एका जिल्हा परिषद शाळेत पाणी शुद्ध करायचं यंत्र.

आता मुद्दा. हिशेब ताब्यात घेताना मागच्या काही वर्षांच्या फायली चाळल्या. अशी यंत्रं आम्ही याआधीही दिली आहेत. मग त्या शाळांमध्ये जाऊन पाहिलं. बहुतेक बंद. कुठे फिल्टर चोंदलाय, कुठे मोटर जळलीय, एका ठिकाणी यंत्रावर खडूचे खोके रचून ठेवलेत. सगळीकडे क्लबाच्या नावाची पाटी मात्र शाबूत.

म्हणून मी सभेत म्हटलं, यंदा एकही नवा प्रकल्प नको, आधी दिलेलं सगळं चालू करू. सभेत जी शांतता पसरली तिचं वर्णन करत नाही. नवे अध्यक्ष म्हणाले, "माझ्या वर्षात मी फक्त वॉशर बदलायचे का?"

तुमच्या गावांत काय अनुभव आहे? निधी कसा उभा करता, आणि दिलेल्या वस्तूचं पुढे काय होतं ते कोण बघतं?

खडीसाखर

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. अध्यक्षांचं वाक्य फ्लेक्सवर छापा.

आडवाट

लिहू नये म्हणत होतो, पण लिहितोच. हे क्लब म्हणजे आठ जणांनी मिळून एका पेशंटला एक केळं द्यायचं आणि नववा फोटो काढणार. पदग्रहण समारंभाला हॉल, जेवण, गळ्यातली कॉलर, प्रांतपालांचं (म्हणजे क्लबांच्या वरच्या पदाधिकाऱ्यांचं) स्वागत, पानभर जाहिरात. त्या एका रात्रीच्या खर्चात तुमचे सगळे फिल्टर बदलून होतील. समाजसेवा हे निमित्त, धंद्याच्या ओळखी हा हेतू.

घाटमाथा

@आडवाट, पदग्रहणाचं जेवण सभासदांच्या वर्गणीतून होतं, देणगीतून नाही. पण केळ्याचा फोटो आमच्याकडेही आहे, नाही म्हणत नाही.

निवृत्त हेडमास्तर

@आडवाट, धंद्याच्या ओळखी हा हेतू असेल तर तो लपवलेला नाही. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने चार व्यावसायिकांची बैठक घेतली, तीच रोटरीची सुरुवात. ओळखी वाढवणं, एकमेकांच्या कचेऱ्यांत पाळीपाळीने जमणं एवढंच तेव्हा होतं. सेवा नंतर आली. लायन्सचे संस्थापक मेल्विन जोन्सही शिकागोचेच, विमा व्यवसायातले. व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन काही बरं केलं तर त्यात वाईट काय?

फोटोपुरतं काम होतं हेही अर्धसत्य आहे. पोलिओ आठवा. रोटरीने ते काम १९८५ मध्ये अंगावर घेतलं. आपल्याकडे १९९५ पासून देशभर पल्स पोलिओ सुरू झाला, तेव्हा मी रविवारी शाळा उघडून द्यायचो. बूथवर सरकारी नर्स, अंगणवाडी सेविका आणि क्लबाचे दोन-तीन कार्यकर्ते. पोराच्या डाव्या करंगळीला शाई लावायचं काम आमच्या गावचे कापडाचे व्यापारी करत. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त जाहीर झालो. मधल्या काळात प्रत्येक क्लबाचे पंचवीस-तीस अध्यक्ष बदलले असतील. काम बदललं नाही. यंत्रणा सरकारची आणि जागतिक आरोग्य संघटनेची होती हे खरं, पण पैसा आणि माणसं क्लबांनी पुरवली.

तेव्हा अध्यक्ष दरवर्षी बदलतो म्हणून काम टिकत नाही, हे मला पटत नाही. काम कुणा एका अध्यक्षाच्या नावावर चढवलं की टिकत नाही.

खडीसाखर

हेडमास्तरांना +१. शेवटचं वाक्य वाचनखुणेत साठवलं.

मेलबर्नकर

निधीबद्दल. इथे ऑस्ट्रेलियात बनिंग्ज नावाची हार्डवेअरची अवाढव्य दुकानं आहेत. शनिवार-रविवारी दुकानाच्या दारात शेगडी मांडायला ते स्थानिक संस्थांना जागा देतात. रोटरी, लायन्स, शाळा, स्काउट, जो आधी नंबर लावेल त्याला. पावाच्या एका स्लाइसमध्ये सॉसेज, वर परतलेला कांदा आणि सॉस. बस. विक्रीचे पैसे संस्थेचे. खिळे घ्यायला आलेला माणूस दोन सॉसेज खाऊन जातो. शाकाहारी म्हणून मला कांदा परतायला उभं करतात, त्यामुळे माझ्या सगळ्या जॅकेटांना वर्षभर कांद्याचा वास असतो.

गंमत म्हणजे २०१८ मध्ये दुकानाने सांगितलं, कांदा सॉसेजच्या खाली घाला, वर घातलेला खाली पडतो आणि लोक घसरतात. त्यावर देशभर चर्चा झडल्या.

मुद्दा असा की इथे निधी छोट्या रकमांतून, वर्षभर, नेमाने येतो. एका मोठ्या कार्यक्रमावर कुणाची भिस्त नसते.

खडीसाखर

कांदा वर की खाली! मिसळीवरच्या कांद्यावर आपण अजून एकदाही राष्ट्रीय चर्चा केलेली नाही. मागे पडतोय आपण.

तिसरी घंटा

नाटकाबद्दल मी बोलणार, कारण आमच्या क्लबासाठी प्रयोग ठरवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं.

नाटक कंपनीला ठरलेली रक्कम द्यायची, हॉलचं भाडं वेगळं, ध्वनी-प्रकाशाचं वेगळं, मंडळींचं चहापाणी वेगळं. आता प्रत्येक सभासदाच्या गळ्यात तिकिटांचं एकेक पुस्तक मारतात. सभासद ती विकत नाही, खपवतो. डॉक्टर औषध कंपनीच्या माणसाला देतो, बिल्डर सिमेंटवाल्याला, दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला. हे लोक पैसे देतात, नाटकाला येत नाहीत. परिणाम: कागदावर हाउसफुल्ल आणि हॉलमध्ये पुढच्या पाच रांगा रिकाम्या. कलाकारांना फार लागतं ते.

आम्ही उपाय केला. न येणाऱ्यांची तिकिटं आधीच परत मागवली आणि नर्सिंग कॉलेजच्या मुलींना, एसटीच्या चालक-वाहकांना दिली. असं प्रेक्षागृह मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. विनोदाला छप्पर उडालं. पैसे तेवढेच आले.

आडवाट

म्हणजे शेवटी पैसे दिले सिमेंटवाल्यानेच. मग नाटक कशाला? सरळ चेक घ्या.

तिसरी घंटा

@आडवाट, सरळ चेक मागितला तर पुढच्या महिन्यात देतो म्हणतो. तिकीट हातात ठेवलं की खिशात हात जातो. करून बघा एकदा.

रक्तपेढीतली

रक्तदान शिबिरांवर लिहिते, कारण दर वर्षी हेच पाहते.

सगळ्यांना शिबिर घ्यायचं असतं १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला, १ जुलैच्या डॉक्टर दिनाला नाहीतर पुढाऱ्याच्या वाढदिवसाला. त्या दिवशी पिशव्यांचा पाऊस पडतो. लाल पेशींची पिशवी नेहमीच्या द्रावणात ३५ दिवस टिकते, काही द्रावणांत ४२. प्लेटलेट मात्र ५ दिवसच. ऑगस्टमध्ये मिळालेलं रक्त दिवाळीला उपयोगी पडत नाही. आणि दिवाळीत, मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे खडखडाट. कॉलेजं बंद, लोक गावाला गेलेले, अपघात आणि बाळंतपणं काही सुट्टीवर जात नाहीत.

तुम्हाला खरंच उपयोगी पडायचं असेल तर शिबिर मे महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घ्या. पुरुष दर तीन महिन्यांनी, स्त्रिया दर चार महिन्यांनी रक्त देऊ शकतात. फोन केल्यावर येणाऱ्या माणसांची गटवार यादी ठेवलीत तर शिबिराहून जास्त काम होईल. यादीचा फोटो काढता येत नाही ही एक अडचण आहे.

आणि कृपा करून हेल्मेट, बॅगा, मिक्सर असली आमिषं दाखवू नका. पैसे घेऊन रक्त देणं १९९८ पासून बंद आहे. आमिष दाखवलं की माणूस कावीळ लपवतो आणि आम्हाला अर्जावर 'नाही' लिहून देतो.

घाटमाथा

@रक्तपेढीतली, मे महिन्याचं लगेच टिपून घेतलं. आमची दोन्ही शिबिरं नेमकी १ जुलै आणि १५ ऑगस्टला होती.

दोन शिक्षकी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. धागाकर्तीने ज्या यंत्रांचं लिहिलंय तसलं एक आमच्याकडेही आहे. दुसऱ्या क्लबाचं आहे, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.

काय होतं ते ऐका. एक दिवस फोन येतो, "गुरुजी, तुमच्या शाळेला आरओ (पाण्यातले क्षार काढणारं यंत्र) देतोय, परवा कार्यक्रम." काय हवंय असं कुणी विचारत नाही. पाण्याची तपासणी कुणी करत नाही. आमच्या घाटाकडच्या झऱ्याच्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीतच. भारतीय मानकात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, आमचं पाणी त्याच्या कितीतरी खाली आहे. आम्हाला भीती पावसाळ्यातल्या गढूळपणाची आणि जंतूंची. त्याला चांगला गाळणारा फिल्टर, क्लोरीन किंवा अतिनील दिवा पुरतो. आरओ लावलं की प्यायला मिळतं त्याहून जास्त पाणी नळीतून बाहेर जातं, आणि उन्हाळ्यात तेच पाणी मुली लांबून आणतात.

मग फिल्टर बदलायची वेळ येते. कंपनीचा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतो, येण्याचेच पैसे घेतो. शाळेचं अनुदान किती आणि ते कधी येतं हे हेडमास्तर सांगतील. विजेचं बिलसुद्धा त्यातच भागवायचं असतं. क्लबाला फोन केला तर, "मी मागच्या वर्षीचा अध्यक्ष, आता नव्यांना विचारा." नवे म्हणतात, "तो आमचा प्रकल्प नाही."

खडूचे खोके आम्हीच ठेवतो त्यावर. सपाट आणि कोरडी जागा शाळेत तेवढीच आहे.

निवृत्त हेडमास्तर

@दोन शिक्षकी, अनुदानाचा विषय नको. रक्तदाब वाढतो.

कृष्णाकाठ

सांगलीहून. ऑगस्ट २०१९ च्या पुरात राज्यभरातल्या क्लबांनी ट्रक पाठवले, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण त्या ट्रकांत निम्मे जुने कपडे होते. शाळांच्या वर्गांत कपड्यांचे ढीग लागले. पुढे ते ओले होऊन कुजले आणि उचलायचं काम पूरग्रस्तांनाच लागलं.

उपयोगी काय पडलं? पाणी उतरल्यावर घराघरात गुडघाभर चिखल होता. खराटे, वायपर, फावडी, फिनेल, ब्लीचिंग पावडर. ज्या क्लबाने आधी फोन करून काय हवं विचारलं, त्याने हे पाठवलं. आणि एका क्लबाने तर पहिल्या आठवड्यात काहीच पाठवलं नाही, पैसे राखून ठेवले आणि दिवाळीनंतर मुलांची पुस्तकं, शिलाई मशीन, पिठाच्या गिरणीची मोटर असं एकेका घराला विचारून दिलं. तोवर फोटो काढणारे सगळे निघून गेले होते.

आता धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर. आमच्या गावात वर्षानुवर्षं टिकलेला एकच उपक्रम मी पाहिलाय, तो म्हणजे रुग्णसाहित्य केंद्र. व्हीलचेअर, वॉकर, फाउलर कॉट (डोक्याकडची बाजू उचलता येणारी), एअर बेड, कमोडची खुर्ची. अनामत ठेवा, नाममात्र भाडं द्या, काम झालं की परत आणा. कोविडनंतर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर सगळ्यांच्या कपाटांत धूळ खात पडले होते, तेही तिथेच जमा झाले. घरात म्हातारं माणूस पडलं की लोकांना पहिली आठवण या केंद्राची होते. भाड्यातून दुरुस्ती सुटते. कुठल्याही अध्यक्षाला ते बंद करायची छाती होणार नाही.

तिसरी घंटा

@कृष्णाकाठ, बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). माझ्या आईला पाय मोडल्यावर अशाच केंद्रातली कॉट मिळाली होती. पलंग विकत घेतला असता तर नंतर त्याचं काय करायचं हा प्रश्नच होता. पण केंद्र चालवायला घरात जागा आणि दुपारी दार उघडणारा माणूस लागतो. तो पैशाने मिळत नाही.

कृष्णाकाठ

आमच्याकडे एक निवृत्त एसटी कंट्रोलर आहेत. वहीत नोंद केल्याशिवाय वॉकरला हातसुद्धा लावू देत नाहीत.

जमाखर्च

सनदी लेखापाल आहे, त्यामुळे रुक्ष लिहितो.

१. वर्गणी आणि देणगी यांची बँक खाती वेगळी ठेवा. एका खात्यातून जेवण आणि मोतीबिंदू दोन्ही भागवलं की ऑडिटच्या वेळी रडू येतं.

२. देणगीदाराला ८०जी ची (आयकरातली) सवलत हवी असेल तर देणगी क्लबाच्या ट्रस्टकडे यायला हवी आणि ट्रस्टची नोंदणी चालू हवी. २००० रुपयांच्या वर रोख देणगीला देणाऱ्याला सवलत मिळत नाही. देणगीदाराला प्रमाणपत्र मिळण्यासाठी तुम्हाला वर्षाचं विवरण ऑनलाइन भरावं लागतं. ते विसरलात की पुढच्या वर्षी तो देणगीदार तुम्हाला विसरतो.

३. ग्राहकपेठेत 'लकी ड्रॉ'ची तिकिटं विकायचा मोह टाळा. खासगी लॉटरी कायद्यात बसत नाही. सगळे करतात हा बचाव नव्हे.

४. कंपन्यांच्या सीएसआरवर (समाजकार्यासाठी द्यायच्या पैशावर) फार आशा ठेवू नका. नफ्याच्या २ टक्क्यांचं बंधन मोठ्या कंपन्यांना आहे, आणि पैसे घेणाऱ्या ट्रस्टला सीएसआर-१ ची नोंदणी आणि ३ वर्षांच्या कामाची नोंद दाखवावी लागते. ज्यांनी जुनी कामं नीट चालू ठेवलीत त्यांनाच ती नोंद दाखवता येते. हे तुमच्या अध्यक्षांना सांगा, वॉशर आवडायला लागतील.

रानवारा

कुणीच वनराई बंधाऱ्यांवर बोललं नाही म्हणून. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात माती-वाळू, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओढ्याची धार बारीक झाली की आडव्या रचायच्या. मोहन धारियांच्या वनराई संस्थेमुळे हे नाव रुळलं. खर्च जवळपास शून्य, शंभर हात एका सकाळी बांधून मोकळे. उन्हाळ्यापर्यंत विहिरींना आधार, गुरांना पाणी. पुढच्या पावसात वाहून जातो.

हा एकच प्रकल्प असा आहे की तो दरवर्षी मोडावा हीच अपेक्षा असते आणि प्रत्येक अध्यक्षाला नवाकोरा फोटो मिळतो. धागाकर्तीच्या अध्यक्षांची समस्या सुटली.

खडीसाखर

@रानवारा, हसून पोट दुखलं. यंत्रांच्या पाट्यासुद्धा गोणपाटाच्याच करा.

आडवाट

इतकं वाचून थोडा नरमलोय. रुग्णसाहित्य केंद्र आणि मे महिन्यातलं शिबिर पटलं. पण मग एक प्रश्न: हे सगळं न करता क्लब नव्या प्रकल्पांच्या मागे का धावतात? नुसती हौस?

निवृत्त हेडमास्तर

हौस आहेच. पण वर्षाअखेरी वरच्या पातळीवर पारितोषिकं मिळतात, आणि त्यासाठीच्या अहवालात 'नवे प्रकल्प' भरायचे असतात. 'जुनं यंत्र चालू आहे' असं लिहायला रकाना कुठे असतो? शिवाय दुकानदाराकडे देणगी मागायला गेलं की तोही विचारतो, "यंदा नवीन काय?" फिल्टर बदलायला देणगी द्या म्हटलं की चहा पाजून वाटेला लावतात.

मावळता

घाटमाथा, तुम्ही कोण ते मला दुसऱ्या परिच्छेदातच कळलं. मी तोच, ज्याच्या वर्षात नाटक आणि शेवटचं यंत्र झालं. एवढंच सांगतो की ते यंत्र अजून चालू आहे, कालच फोन केला होता. जुन्या यंत्रांबद्दल तुमचं बरोबर आहे, पण सभेत 'एकही नवा प्रकल्प नको' म्हटल्यावर माणसं बिथरणारच. नवीन सभासद उत्साहाने येतात, त्यांना पहिल्याच महिन्यात पाना हातात दिला तर ते टिकायचे नाहीत. मधला रस्ता काढा. शुक्रवारी बैठकीला बोलू.

खडीसाखर

आई गं. मालिका रंगली.

घाटमाथा

@मावळता, सर, ओळख पटली हे बरं झालं, आता निदान कोरमची चिंता नाही. :)

सगळ्यांचं वाचून प्रस्ताव बदलतेय. शुक्रवारी असं मांडीन: नवा प्रकल्प करायला हरकत नाही, पण वस्तू द्यायच्या आधी शाळेला लेखी विचारायचं, पाणी तपासायचं, आणि प्रकल्पाच्या रकमेतला ठरावीक वाटा देखभालीसाठी बाजूला काढायचा. ग्राहकपेठेचं उत्पन्न सगळं या देखभालीला. जी यंत्रं आरओची गरज नसताना लावली ती काढून साधे फिल्टर बसवायचे. रक्तदान मे महिन्यात. रुग्णसाहित्य केंद्राला जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं, शोध सुरू करते.

@जमाखर्च, हा देखभालीचा पैसा पुढच्या अध्यक्षाने दुसरीकडे वळवू नये म्हणून काय करावं?

जमाखर्च

वेगळं खातं उघडा आणि सह्यांचा अधिकार एका वर्षाच्या पदाधिकाऱ्यांकडे देऊ नका. आजी, माजी आणि भावी अध्यक्ष यांच्यापैकी दोघांच्या सह्या लागतील असा ठराव सर्वसाधारण सभेत करा, कार्यकारिणीत नव्हे. ठरावात निधीचा उद्देश नेमक्या शब्दांत लिहा: 'यापूर्वी दिलेल्या साहित्याची दुरुस्ती व सुटे भाग'. 'समाजोपयोगी कामे' असं मोघम लिहिलंत तर पुढच्या पदग्रहणाच्या फ्लेक्सचा खर्च त्यातून टाकणारा कुणीतरी निघतोच. आणि किती यंत्रं, कुठे, शेवटचा फिल्टर कधी बदलला, याची यादी वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर छापायला लावा.

दोन शिक्षकी

त्या यादीत शाळेच्या मुख्याध्यापकाचा फोन नंबरही टाका, बदली झाली की बदला. आणि काढलेलं आरओ कुणाला द्यायचं असेल तर माण-खटावकडच्या शाळांना आधी विचारा. तिकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी खारं आहे, तिथे ते कामाला येईल. एक मुख्याध्यापक माझ्या ओळखीचे आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.